बेस्ट लेखसमूह : मराठी विकिपीडियावरील संपादनाच्या नोंदी

४ मे २०२५, रविवार

मुंबईतील पहिली मोटारबस १५ जुलै १९२६ रोजी अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट या मार्गावर धावली. या घटनेला जुलै २०२६ मध्ये शंभर वर्षे पूर्ण होत आहेत. तोपर्यंत बृहन्मुंबई विद्युत पुरवठा आणि परिवहन उपक्रम, अर्थात बेस्ट, या विषयावरचे मराठी विकिपीडियातील लेख कोणाही वाचकाने विश्वासाने उघडावेत अशा स्थितीत आणणे, हा या कामाचा हेतू आहे. मुख्य लेख विस्तारायचा, मुंबईची ट्राम आणि मुंबईची ट्रॉलीबस यांना स्वतंत्र लेख द्यायचे, आणि या तिन्हींत परस्परविरोधी विधाने राहणार नाहीत याची काळजी घ्यायची, एवढी व्याप्ती ठरवली आहे. मसुदा आधी धूळपाटीवर, म्हणजे कच्च्या लेखनाच्या पानावर, तयार होईल आणि लेखाला जोडलेल्या चर्चापानावर इतर सदस्यांनी तो पाहिल्यानंतरच मुख्य लेखात जाईल.

इंग्रजी लेखाचे भाषांतर करायचे नाही, हे पहिल्याच दिवशी ठरवून टाकले. एका भाषेतला विकिपीडिया दुसऱ्या भाषेतल्या विकिपीडियाला संदर्भ म्हणून चालत नाही, हे त्याचे नियमाने दिलेले कारण. त्याहून मोठे कारण असे की मराठी वाचकाच्या गरजा वेगळ्या आहेत. त्याला पायधुनी कोठे आहे हे सांगावे लागत नाही. मात्र बेस्टचा महापालिकेशी नेमका काय संबंध आहे, बेस्ट समिती काय करते आणि महाव्यवस्थापकाची नेमणूक कोण करते, हे त्याला आपल्या भाषेत आणि एकाच ठिकाणी वाचायला मिळायला हवे.

९ मे २०२५, शुक्रवार

आजपासून बेस्टचे किमान भाडे साध्या बससाठी ५ रुपयांवरून १० रुपये आणि वातानुकूलित बससाठी ६ रुपयांवरून १२ रुपये झाले. साहजिकच भाड्याच्या परिच्छेदात बदल करण्याची सूचना सकाळीच चर्चापानावर आली, आणि तिच्यासोबत सगळ्या टप्प्यांचे व पासांचे दर देणारा तक्ताही आला. तक्ता मेहनतीने केलेला होता, तरीही तो लेखात घेऊ नये असे मी सुचवले. टप्प्याटप्प्याचे आजचे दर प्रवाशाला बसमध्ये, ॲपवर आणि थांब्यावर मिळतात, तर ज्ञानकोशातला तक्ता पुढच्या दरबदलानंतर कोणाच्या लक्षात आला नाही तर वर्षानुवर्षे चुकीची माहिती देत राहतो.

भाड्याचा इतिहास मात्र लेखात असलाच पाहिजे. १८७४ मध्ये घोड्यांची ट्राम सुरू झाली तेव्हा भाडे तीन आणे होते आणि तिकीट दिले जात नसे. पुढे भाडे दोन आण्यांवर आले आणि फुकट प्रवास करणाऱ्यांना आळा घालण्यासाठी तिकिटे सुरू झाली. जुलै २०१९ मध्ये किमान भाडे ५ रुपयांवर आणण्यात आले, कारण सोडून गेलेला प्रवासी परत मिळवायचा होता, आणि आता मे २०२५ मध्ये ते दुप्पट झाले. हे टप्पे एकाखाली एक ठेवले की भाड्याच्या निर्णयामागे प्रत्येक वेळी कोणता विचार होता हे वाचकाला दिसते. ‘सध्याचे भाडे’ हा शब्दप्रयोग मसुद्यातून सर्वत्र काढला आहे आणि त्याऐवजी ‘९ मे २०२५ पासून लागू असलेले भाडे’ असे लिहिले आहे. ज्या विधानाची तारीख त्याच्या पोटातच असते, ते जुने झाले तरी खोटे ठरत नाही.

१७ मे २०२५, शनिवार

लेखाच्या सुरुवातीला ठळक माहिती देणाऱ्या माहितीचौकटीत ‘स्थापना’ या रकान्यासमोर काय लिहायचे, हा या लेखातला सर्वांत अवघड प्रश्न आहे, आणि आजचा बहुतेक वेळ त्यावरच्या चर्चेत गेला.

घटनाक्रम असा आहे. १८६५ मध्ये एका अमेरिकी कंपनीला मुंबईत घोड्यांची ट्राम चालवण्याचा परवाना मिळाला होता, परंतु अमेरिकेतील यादवी युद्ध संपताच कापसाच्या व्यापारातली तेजी ओसरली, शहरावर मंदीचे सावट आले आणि ती योजना तशीच राहिली. १८७३ मध्ये बॉम्बे ट्रामवे कंपनी स्थापन झाली, आणि ९ मे १८७४ रोजी कुलाबा ते क्रॉफर्ड मार्केटमार्गे पायधुनी आणि बोरीबंदर ते काळबादेवीमार्गे पायधुनी अशा दोन मार्गांवर घोड्यांची ट्राम सुरू झाली. १९०५ मध्ये बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज कंपनी अस्तित्वात आली. वीजपुरवठा आणि ट्राम ही दोन्ही कामे तिच्याकडे आली आणि ७ मे १९०७ रोजी विजेवर चालणारी ट्राम रस्त्यावर आली. ७ ऑगस्ट १९४७ रोजी मुंबई महापालिकेने ही कंपनी ताब्यात घेतली आणि ट्रामवेजच्या जागी ट्रान्सपोर्ट हा शब्द नावात आला. १९९५ मध्ये बॉम्बेचे बृहन्मुंबई झाले. इंग्रजी आद्याक्षरे मात्र १९०५ पासून तीच आहेत, आणि गोंधळाचे मूळ तिथेच आहे. १८७३, १९०५ आणि १९४७ ही तिन्ही वर्षे बेस्टचे स्थापनावर्ष म्हणून छापलेली सापडतात, आणि प्रत्येक वर्ष आपापल्या संस्थेपुरते बरोबर आहे.

चर्चापानावर एका अनुभवी सदस्यांचे म्हणणे असे पडले की मुंबईकर बेस्टकडे एकसलग संस्था म्हणून पाहतात, रूळ तेच, आगारे तीच, पुष्कळदा माणसेही तीच राहिली, तेव्हा १८७३ हेच वर्ष द्यावे. भावना म्हणून हे मला पूर्ण मान्य आहे. परंतु ज्ञानकोशाच्या वाक्यातला कर्ता त्या वर्षी अस्तित्वात असला पाहिजे. ‘बेस्टने १८७४ मध्ये ट्राम सुरू केली’ असे लिहिले की वाचक समजतो की महापालिकेच्या एका उपक्रमाने ती सुरू केली, वास्तविक ते खासगी भांडवलाचे काम होते. हीच गोष्ट १९२६ च्या बसची आणि १९३७ मध्ये आलेल्या दुमजली बसची. या दोन्ही खासगी कंपनीच्या काळातल्या आहेत. मुंबईची लाल दुमजली बस पाहून कोणालाही महापालिकाच आठवते, पण तिची सुरुवात करणाऱ्यांचे महापालिकेशी नाते होते ते परवानाधारक म्हणून.

शेवटी एकमत झाले ते असे. माहितीचौकटीत ‘स्थापना’ या रकान्यात ७ ऑगस्ट १९४७ ही आजच्या सार्वजनिक उपक्रमाची तारीख राहील, ‘पूर्वसूरी’ या रकान्यात दोन्ही कंपन्या आपापल्या वर्षांसह येतील, आणि प्रस्तावनेच्या दुसऱ्याच वाक्यात ही परंपरा १८७३ पर्यंत मागे जाते हे स्पष्ट सांगितले जाईल. विकिपीडियाला जोडलेल्या विकिडेटा या माहितीकोशात एकाच गुणधर्माला अनेक मूल्ये देता येतात, त्यामुळे तिथे तिन्ही वर्षे त्यांच्या खुलाशासह नोंदवली आहेत. इतिहासाचा संपूर्ण विभाग या नियमाने पुन्हा लिहायला घेतला असून प्रत्येक वाक्यात ‘बेस्ट’ या शब्दाऐवजी त्या त्या वर्षीची संस्था कर्ता म्हणून येत आहे.

२५ मे २०२५, रविवार

आज वीजपुरवठ्याचा विभाग घेतला. बेस्टची वीज आणि बेस्टची बस यांचे क्षेत्र एक नाही, ही गोष्ट मुंबईबाहेरच्या वाचकाला माहीत नसते आणि उपनगरात वाढलेल्या मुंबईकरालाही पुष्कळदा नसते. वीज कुलाब्यापासून माहीम आणि शीवपर्यंतच्या बेट शहरात सुमारे १० लाख ग्राहकांना दिली जाते. बस मात्र सगळ्या उपनगरांत जाते आणि शहराची हद्द ओलांडून ठाणे, मीरा-भाईंदर व नवी मुंबईतही पोहोचते. म्हणजे बोरिवलीचा रहिवासी बेस्टच्या बसने फिरतो, पण त्याच्या घरचे विजेचे बिल बेस्टचे नसते. हे उदाहरण घातल्यावर मुद्दा एका वाक्यात स्पष्ट झाला, म्हणून ते लेखात ठेवले आहे.

या भेदाला अर्थकारणाचीही बाजू आहे. बसची तूट अनेक वर्षे विजेच्या उत्पन्नातून भरून निघत असे, आणि २०१० च्या दशकात काही काळ वाहतुकीची तूट वसूल करण्यासाठी वीजग्राहकांच्या बिलात वेगळा अधिभार लावला जात होता. अर्थात बेट शहरातला वीजग्राहक सबंध महानगराच्या बसचा भार उचलत होता. ही व्यवस्था योग्य की अयोग्य हे लेख सांगणार नाही. परंतु ती होती, तिच्यावर आक्षेप घेतले गेले आणि ती थांबल्यावर तूट महापालिकेच्या अर्थसाहाय्यावर येऊन पडली, एवढे क्रमाने सांगितल्याशिवाय पुढचा ताफ्याचा विभाग कोणालाही समजणार नाही. दोन्ही विभागांत एकमेकांचे दुवे दिले आहेत.

८ जून २०२५, रविवार

ट्रॉलीबसच्या लेखाची सुरुवात झाली. ११ जून १९६२ रोजी गवालिया टँक ते माझगाव गोदी या मार्गावर सुरू झालेली आणि २४ मार्च १९७१ रोजी बंद झालेली ही सेवा जेमतेम नऊ वर्षे टिकली, आणि त्यामुळे तिच्यावर लिहिलेलेही फार थोडे आहे. ट्राम ३१ मार्च १९६४ रोजी बोरीबंदर ते दादर या मार्गावर शेवटची धावली. म्हणजे १९६२ ते १९६४ या काळात मुंबईत घोड्यांची सोडून बाकी सर्व वाहने, ट्राम, ट्रॉलीबस, एकमजली बस आणि दुमजली बस, एकाच संस्थेकडे होती. हा काळ लेखात ठळकपणे यावा असे मला मनापासून वाटते.

आमच्या शेजारच्या इमारतीत राहणारे एक निवृत्त वाहक काका या कामाबद्दल ऐकून मुद्दाम भेटायला आले. ट्रॉलीबसचा वरचा दांडा तारेवरून निसटला की गाडी भर रस्त्यात कशी उभी राहायची आणि दोरीने तो दांडा पुन्हा तारेवर कसा बसवायचे, हे त्यांनी हाताने करून दाखवले. त्यांनी जपून ठेवलेली जुनी तिकिटेही आणली होती : पातळ कागदाचे, बोटाएवढ्या रुंदीचे, कडेने टप्प्यांचे आकडे छापलेले तिकीट, आणि प्रवासी जिथे चढला त्या आकड्यावर पंचाने पाडलेले गोल भोक. ते भोक पाहून तपासनीसाला एका नजरेत कळे की हा प्रवासी आपल्या टप्प्यापुढे आला आहे का.

त्यांची आठवण लेखात कशी आणायची हा प्रश्न होता. विकिपीडियावर मौखिक आठवण संदर्भ म्हणून घेता येत नाही. ती आधी कोठेतरी प्रकाशित झालेली असावी लागते. हे त्यांना सांगताना मला जड गेले, कारण त्यांच्याइतके जाणणारे आता थोडेच उरले आहेत. पण त्यांनी लगेच सुचवले की बेस्टच्या कर्मचाऱ्यांसाठी निघालेल्या अंकांतून कोणी ना कोणी हे लिहिलेले असणार. ती दिशा योग्य आहे. तिकिटांची छायाचित्रे मात्र त्यांच्या परवानगीने काढली आहेत, आणि टप्पेवार भाडे कसे चालत असे हे समजावणाऱ्या परिच्छेदाशेजारी ती लावायची आहेत. त्यांचे नाव कोठेही दिलेले नाही, तशीच त्यांची इच्छा आहे.

२१ जून २०२५, शनिवार

चित्रांचे काम. १९०७ नंतरच्या वर्षांत छापलेल्या पोस्टकार्डांवर विजेच्या ट्रामची उत्तम दृश्ये आहेत आणि त्यांच्या स्वामित्वहक्काची मुदत कधीच संपली असल्याने ती कॉमन्सवर, म्हणजे विकिपीडियाच्या मुक्त परवान्याच्या चित्रसाठ्यात, ठेवायला अडचण नाही. अडचण आहे ती १९६४ च्या निरोपाच्या ट्रामची. तिची वर्तमानपत्रांत आलेली छायाचित्रे सर्वत्र फिरतात, पण त्यांच्या हक्कांची स्थिती स्पष्ट नाही, आणि जालावर मिळाले म्हणून चढवले हे कारण कॉमन्सवर ग्राह्य नसते. मसुद्यात कोणीतरी घातलेली अशी छायाचित्रे काढून टाकली आहेत.

त्यांच्या जागी आज स्वतः काढता येतील अशी चित्रे योजली आहेत : आणिक आगारातील वाहतूक संग्रहालय, हुतात्मा चौकात फ्लोरा फाउंटनच्या जीर्णोद्धाराच्या वेळी जमिनीखाली सापडलेले ट्रामचे रूळ, आणि दादर टीटी, ज्याच्या नावात ट्रामचे टर्मिनस अजून टिकून आहे. बेस्टचे बोधचिन्ह मुक्त परवान्याखाली नाही, म्हणून ते कॉमन्सवर जाणार नाही.

६ जुलै २०२५, रविवार

ताफ्याचा विभाग सर्वांत वादग्रस्त ठरणार हे आधीपासून ठाऊक होते. या विभागात दोन प्रकारचे संपादन सतत होत राहते. एक प्रकार कामगारांच्या बाजूने कळकळीने लिहिणाऱ्यांचा, ज्यांच्या वाक्यांत ‘खासगीकरणाचा डाव’ असे शब्द असतात; दुसरा प्रकार प्रशासनाच्या प्रसिद्धिपत्रकांतून उतरवलेला, ज्यात प्रत्येक नवी बस ‘अत्याधुनिक’ असते. दोन्ही प्रकारचे शब्द काढावे लागतात, पण शब्द काढताना त्यांच्याखालची वस्तुस्थिती गळता कामा नये.

वस्तुस्थिती अशी मांडली आहे. २०१० च्या सुमारास बेस्टकडे स्वतःच्या साडेचार हजारांहून अधिक बस होत्या. जानेवारी २०१९ मध्ये कामगारांचा संप ८ तारखेपासून १६ तारखेपर्यंत चालला. त्याच वर्षी जूनमध्ये झालेल्या करारात स्वमालकीच्या ३,३३७ बस कायम ठेवण्याचे ठरले आणि भाडेतत्त्वावरील बसचा मार्ग मोकळा झाला. भाडेतत्त्व म्हणजे काय, हे लेखात सविस्तर सांगितले आहे, कारण बातम्यांत ते गृहीत धरलेले असते : बस, तिचा चालक आणि देखभाल कंत्राटदाराची, मार्ग, वेळापत्रक आणि तिकिटाचे उत्पन्न बेस्टचे, आणि कंत्राटदाराला मोबदला धावलेल्या किलोमीटरवर. बसवर रंग आणि नाव बेस्टचेच असल्याने थांब्यावर उभ्या असलेल्या माणसाला फरक दिसत नाही. त्यानंतर जुन्या बस आयुर्मान संपून भंगारात निघत गेल्या, त्यांच्या जागी स्वमालकीच्या बस त्या प्रमाणात आल्या नाहीत, आणि २०२५ मध्ये स्वतःचा ताफा हजाराच्या खाली आहे. करारातील आकडा आणि आजची स्थिती शेजारी शेजारी, आपापल्या तारखेसह ठेवली आहे. त्यावर विशेषण चढवण्याची गरज नाही. मला स्वतःला ही घसरण फार लागते, आणि म्हणूनच हा विभाग तपासण्यासाठी मी दोन अशा सदस्यांना विनंती केली आहे ज्यांचे मत माझ्याहून वेगळे आहे.

कुर्ल्यात ९ डिसेंबर २०२४ रोजी भाडेतत्त्वावरील विद्युत बसने केलेल्या भीषण अपघाताबद्दल किती लिहायचे यावरही चर्चा झाली. घटना, तिची तारीख आणि तिच्यानंतर चालकांच्या प्रशिक्षणाबाबत उपस्थित झालेले प्रश्न लेखात येतील. चालकाचे नाव येणार नाही. प्रकरण न्यायालयात असताना एका व्यक्तीचे नाव ज्ञानकोशात कायमचे कोरणे अन्यायाचे आहे, आणि वाचकाला घटना समजण्यासाठी त्या नावाची गरजही नाही.

दुमजली बससंबंधी एक दुरुस्ती केली. ‘मुंबईतील दुमजली बस २०२३ मध्ये बंद झाली’ हे वाक्य अनेक जण चांगल्या हेतूने घालतात, परंतु १५ सप्टेंबर २०२३ रोजी निवृत्त झाली ती डिझेलवरची दुमजली बस; विजेवरची वातानुकूलित दुमजली बस त्याआधीच, त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत सेवेत आलेली होती. दोन्ही तारखा आता एकाच वाक्यात आहेत.

१९ जुलै २०२५, शनिवार

किरकोळ कामे उरकली. ‘बी.ई.एस.टी.’, ‘बेस्ट बस’ आणि ‘मुंबई बस’ या शीर्षकांवरून मुख्य लेखाकडे पुनर्निर्देशने केली. सर्व बसमार्गांची यादी घालण्याची मागणी पुन्हा आली होती. मार्ग सतत बदलतात आणि लेख हे वेळापत्रक नव्हे, म्हणून ज्या मार्गांना इतिहासात स्थान आहे तेवढेच मजकुरात आले आहेत. वर्गीकरण तपासले.

७ ऑगस्ट २०२५, गुरुवार

महापालिकेने कंपनी ताब्यात घेतल्याचा आज वर्धापनदिन, बेस्ट दिन. धूळपाटीवरील मसुदा आज मुख्य लेखात हलवला आणि लेखातील बदलांची यादी ठेवणाऱ्या इतिहासपानावर सर्व सहभागी सदस्यांची नोंद राहील अशा पद्धतीने हलवला. ताफ्याच्या विभागावर ज्या दोन सदस्यांचे मत मागवले होते, त्यांनी सुचवलेले बदल त्यात सामावले आहेत. त्यांपैकी एक महत्त्वाचा आहे. टाळेबंदीच्या काळात, मार्च २०२० पासून, लोकल सर्वसामान्यांसाठी बंद असताना अत्यावश्यक सेवेतील कर्मचाऱ्यांना बेस्टच्या बसने रुग्णालयांपर्यंत पोहोचवले, ही गोष्ट ताफ्याच्या वादात हरवून गेली होती. तिला आता स्वतंत्र उपविभाग मिळाला आहे.

मोठे उणे आहे ते मराठी संदर्भांचे. ट्रामच्या आणि बसच्या पहिल्या दिवसांविषयी जे संदर्भ आज लेखात आहेत ते जवळजवळ सगळे इंग्रजी आहेत, जणू त्या गाड्यांत मराठी माणूस बसलाच नव्हता. घोड्यांची ट्राम आली तेव्हा मुंबईत ‘इंदुप्रकाश’ निघत होता; १९२६ मध्ये पहिली बस धावली तेव्हा ‘नवाकाळ’ सुरू होऊन तीन वर्षे झाली होती; शेवटच्या ट्रामच्या दुसऱ्या दिवशी, १ एप्रिल १९६४ रोजी, ‘लोकसत्ता’ आणि ‘महाराष्ट्र टाइम्स’ दोन्ही घरोघर पडत होते. या पत्रांत भाड्यावर तक्रारी, रुळांवरून वाद, नव्या वाहनाचे कौतुक हे सारे आले असणार, आणि ते त्या काळच्या मराठीत लेखात आणता आले तर लेखाला त्याचा खरा आवाज मिळेल. दादरच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात जुन्या नियतकालिकांपासून सुरुवात करायची आहे. जुलै १९२६ आणि एप्रिल १९६४ हे दोन महिने आधी घ्यावेत, मे १८७४ नंतर, असा क्रम चर्चापानावर मांडला असून मोडी व जुनी छपाई वाचू शकणाऱ्या सदस्यांसाठी चावडीवर, म्हणजे मराठी विकिपीडियाच्या सामायिक चर्चेच्या पानावर, आवाहन टाकले आहे.